सहा फुटी गीझरसोबत दिल्ली

मानेसरला कोणी फिरायला जात नाही. तिथे लोक कामाला जातात, कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढत जातात आणि तशाच डुलक्या काढत परत येतात. मी मात्र गेल्या फेब्रुवारीत तिथे हौसेने गेले आणि येताना सहा फूट उंचीचा एक गीझर घेऊन आले. न्हाणीघरातला नव्हे, जमिनीतून उकळतं पाणी आकाशात उडवणारा. म्हणजे त्याची नक्कल. मयूर विहार, मुनिरका, मानेसर, कॅन्टोन्मेंट आणि परत मयूर विहार, एवढाच हा प्रवास. व्हिसा लागला नाही, विमान लागलं नाही, तरी इतकी दमले की आल्यावर दोन दिवस शेजारणींना प्रवासवर्णनच सांगत होते. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

मयूर विहार

मी वीस वर्षं इथल्या एका शाळेत भूगोल शिकवते. आठवीच्या धड्यात गीझरवर साडेतीन ओळी आहेत. ठरावीक वेळाने गरम पाण्याचा फवारा उडवणारा झरा, अशी व्याख्या. त्यातही मला आवडतो तो शंकूचा गीझर. दूर परदेशात काही झऱ्यांच्या तोंडाशी पाण्यातल्या खनिजांचे थर साचत साचत दगडी शंकू तयार होतो आणि त्याला माठाच्या गळ्याएवढंच तोंड राहतं. बराच वेळ तो नुसता वाफाळत बसतो. मग थोडं पाणी थुंकतो, पुन्हा गप्प. आणि मग एकदम उंच, सरळ, बारीक धार, इमारतीच्या गच्चीला लागेल अशी. हे सगळं मी व्हिडिओत पाहिलेलं आणि फळ्यावर काढलेलं. खडूचा गीझर मी इतक्या वेळा उडवला आहे की डोळे मिटून काढते.

या वर्षी एका मुलीने हात वर केला. "मॅम, पतीले में भी तो पानी उबलता है. वो सीधा ऊपर क्यों नहीं जाता?"

मी म्हटलं, "अच्छा सवाल है, कल बताऊँगी." शिक्षकांच्या भाषेत याचा अर्थ 'मला येत नाही' असा होतो, आणि तो मुलांनाही कळतो.

त्याच आठवड्यात प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. आमची भूगोलाची खोली, म्हणजे भिंतभर नकाशे, एक पृथ्वीगोल, दगडांनी भरलेलं कपाट आणि खिडकीतलं पर्जन्यमापक, हे सगळं काढून तिथे रोबोटिक्सची लॅब करायचं ठरत होतं. "मॅडम, मैप तो अब फ़ोन में है," त्या म्हणाल्या. बाई वाईट नाहीत. फक्त त्यांना कुठल्याही गोष्टीपुढे दोन मिनिटांहून जास्त थांबवत नाही. मी बरीच गयावया केली तेव्हा म्हणाल्या, "सोमवार को प्रदर्शनी है. कुछ ऐसा दिखाइए कि मैं मना न कर सकूँ."

माझ्या तोंडून निघून गेलं, "गीझर दिखाऊँगी. चलता हुआ."

त्या खोलीत मी माझी अर्धी नोकरी काढली होती. ती गेली तर मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून वर्गावर्गातून हिंडणारी बाई होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मुनिरका

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मेट्रोने मुनिरका गाठलं. तिथे अमोल राहतो. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सैन्यात सुभेदार आहेत आणि सध्या दिल्ली कॅन्टला आहेत. अमोल त्यांचा पुतण्या. साताऱ्याकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलाय, विषय भूगोल, दोन वर्षं तयारी चालू आहे.

मुनिरक्याच्या गल्ल्या अशा की समोरून स्कूटर आली तर आपण कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. अमोलची खोली चौथ्या मजल्यावर आणि जिना एका माणसाचा. मी चढत होते, वरून तीन मुलं उतरत होती, खालून एक गॅसवाला सिलेंडर घेऊन आला. पाच मिनिटं आम्ही सगळे एकमेकांना "भैया, आप पहले" म्हणत तिथेच उभे होतो.

खोलीत गेल्या गेल्या मी विचारलं, "अमोल, गीझर का उडतो?"

"मावशी, दीडशे शब्दांत सांगू की अडीचशे?"

"मला कळेल इतक्यात सांग."

तो गडबडला. परीक्षेत असा पर्याय नसतो. मग जिन्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आत्ता अडकला होतात ना? खालच्याला पळायचंय, पण वरच्यांचं ओझं आहे. गीझरमध्ये तेच. उभी अरुंद नळी, वरून पाण्याचं वजन. तळाचं पाणी शंभर अंशांच्या पुढे तापतं, पण दाबामुळे त्याला उकळता येत नाही. पातेलं उथळ, त्यात वजनच नाही, म्हणून तिथे नुसतं खदखदतं."

"मग उडतं कसं?"

"वरून थोडंसं पाणी सांडतं. ओझं कमी झालं की तळाचं सगळं पाणी एका दमात वाफ होतं आणि वरच्याला घेऊन बाहेर. बिल्कुल तोफ."

वीस वर्षांत मी हे कधी इतकं नीट समजून घेतलं नव्हतं. मला लाजही वाटली आणि आनंदही झाला, आणि दोन्ही झाकायला मी त्याच्यासाठी आणलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पुढे केला. डबा संपेपर्यंत नळी कुठे मिळेल हेही ठरलं. गावचा त्याचा मित्र सुरेश मानेसरला एका कारखान्यात वेल्डर होता.

मानेसर

शनिवारी अमोलला घेऊन गुडगावपर्यंत मेट्रो आणि पुढे शेअर ऑटो. ऑटोत आम्ही नऊ जण होतो. दहावा चढला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "थोड़ा एडजस्ट," आणि खरंच झालो. आपल्याकडे अशा वेळी निदान एक जण तरी कुरकुरतो. इथे सगळे एकदम श्वास आत घेतात.

सुरेश दोनला शिफ्ट संपवून थेट ओळखीच्या एका वेल्डिंगच्या दुकानात आला. मी काढून आणलेलं चित्र त्याने उलटंसुलटं करून पाहिलं. "मॅडम, चित्र छान आहे," तो म्हणाला, "पण असा पाइप केला तर तुमचं पाणी सगळं पहिल्याच खेपेला संपेल. दुसऱ्यांदा काय उडवणार?"

हे मला सुचलंच नव्हतं. खऱ्या गीझरला जमिनीतून आडव्या भेगांतून पाणी मिळत राहतं. सुरेशने त्यावर वर टांगलेली बादली, तिच्यातून बारीक नळी आणि मध्ये एनआरव्ही असा उपाय काढला. एनआरव्ही म्हणजे पाणी आत सोडणारी पण परत न येऊ देणारी झडप. तळाला त्याने रुंद पोट जोडलं, त्यावर सहा फुटी पाइप. भट्टी दुकानातलीच. पाणी शेजारच्या बोअरचं.

दुकानासमोर खाटेवर एक ताऊ बसले होते. आमच्याकडे असा म्हातारा आधी सल्ला देतो आणि मग पाणी विचारतो. यांनी आधी न विचारताच ताकाचे उंच ग्लास हातात दिले आणि मग सल्ला. "यो ना चालै," ते पाइपकडे बघून म्हणाले.

चाललाही नाही. पाणी तापलं आणि तोंडाशी पिठल्यासारखं रटरटायला लागलं. चार थेंब बाहेर पडले. ताऊंचा चेहरा उजळला.

"तोंड मोठं आहे," सुरेश म्हणाला. "रेड्यूसर लावू." त्याने वरच्या टोकाला निमुळता तुकडा बसवला, अंगठा जेमतेम जाईल एवढ्या तोंडाचा. मग आम्ही वाट पाहत बसलो. एक चहा झाला. सुरेशने त्याच्या खोलीवरून भाकरी आणि ठेचा आणला, तो झाला. मानेसरात ज्वारीची भाकरी खाल्ली हे मी कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं, पण त्यांच्या खोलीतली चौघं पाळीपाळीने थापतात. दुसरा चहा झाला. ताऊ जांभया देऊ लागले.

मग पाइपच्या आत कोणीतरी घसा खाकरावा तसा आवाज झाला. ओंजळभर पाणी तोंडातून बाहेर ओसंडलं. आम्ही उठेपर्यंत धार दुकानाच्या पत्र्यावर आदळत होती, फाडफाडफाड, आणि गरम पाऊस सगळीकडे. पंधरा-वीस सेकंद. मी किंचाळले हे अमोलने नंतर सगळ्यांना सांगितलं. मी नाचलेसुद्धा, ते त्याने पाहिलं नाही.

ताऊ खाटेवर उभे होते. "एक बै और कर," ते म्हणाले, म्हणजे पुन्हा एकदा.

पण बस गाठायची होती. पाइप थंड करताना पाहिलं तर निमुळत्या तोंडाच्या काठावर त्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याची पांढरी कड धरली होती, नखाने खरवडली तरी निघेना. खऱ्या गीझरचा शंकू असाच थराथराने वाढतो. सुरेश ती कड घासून काढायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला.

बसमध्ये पाइप मधल्या वाटेत आडवा ठेवला, मागच्या टोकाला नियमाप्रमाणे लाल फडकं. कंडक्टर त्यावरून उडी मारून आला. "ताई, यो के सै? तोप?"

"गीझर है."

"इतणा लांबा? किस खातर, हाथी नहाण खातर?" सगळी बस हसली. धौला कुआँपर्यंत तो प्रत्येक नव्या प्रवाशाला हत्तीचं सांगत होता.

कॅन्टोन्मेंट

सहा फुटांची लोखंडी नळी घेऊन सैन्याच्या फाटकातून आत जाणं सोपं नसतं, हे मला आधी कळायला हवं होतं. पहाऱ्यावरचा संत्री आम्हाला बाजूला उभं करून दाजींची वाट बघत बसला. दाजी आले, त्यांनी पाइपची दोन्ही टोकं तपासली आणि नोंदवहीत खणखणीत अक्षरात लिहिलं, 'शैक्षणिक साहित्य'.

"उडाला का?" त्यांनी मला विचारलं.

"उडाला! पत्र्यापर्यंत!"

"किती वाजता? किती वेळाने?"

अमोलने फोन काढला आणि परत खिशात ठेवला.

"टाइम नोंदवला नाही? मग झालंच नाही," दाजी म्हणाले.

रविवारी सकाळी क्वार्टरच्या मागच्या अंगणात त्यांनी चाचणी लावली. चुन्याने गोल आखला, त्याच्या आत कोणी यायचं नाही. अक्काने, म्हणजे माझ्या बहिणीने, पाइप पाहिला आणि नाक मुरडलं. "केवढं ऑइल आहे गं याला! असा शाळेत नेणार?" तिने बादलीभर कपड्यांच्या पावडरचा फेस केला आणि बाटली धुवायच्या लांब ब्रशने तो आतून-बाहेरून घासला. तिच्या घरात पाहुणासुद्धा हातपाय धुतल्याशिवाय आत येत नाही.

शेगडी पेटवली. चाळीस मिनिटांत पहिला उडाला. दाजींनी घड्याळ पाहून "फायर!" म्हटलं. त्यानंतर सहा मिनिटांनी दुसरा. पुन्हा सहा. मग सात, सात. शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका कुंपणावर हात टेकून उभ्या. दाजींची छाती प्रत्येक फवाऱ्याबरोबर थोडी वर येत होती. शेवटचा उडायला नऊ मिनिटं लागली.

"वारा आला मध्ये," म्हणत दाजींनी नऊवर काट मारली. "सात मिनिटं. पक्कं."

अमोल म्हणाला, "काका, पण आकडे वाढत चाललेत."

"नवा रंगरूट आहे, दमला."

मग त्यांनी सोमवारचं वेळापत्रक काढलं, ठळक अक्षरात: दहा वाजता पहिला, दहा सात, दहा चौदा, दहा एकवीस. मीही खुशीत होते. पुस्तकातलं 'ठरावीक वेळाने' माझ्या डोळ्यांदेखत खरं झालं होतं. त्या वेळापत्रकाचा फोटो मी तिथूनच प्रिन्सिपल मॅडमना पाठवला. दुपारी अक्काने पाइप चार बादल्या स्वच्छ पाण्याने खळखळून काढला आणि उन्हात उपडा लावला.

पुन्हा मयूर विहार

सोमवारी भूगोलाच्या खोलीबाहेरच्या अंगणात गीझर उभा राहिला. मुलांनी पीओपीचा शंकू करून रंगवला होता; जरा करंजीसारखा दिसत होता, पण जिवंत होता. दाजी सुट्टी टाकून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. नऊ वीसला शेगडी पेटली. आठवी ब दाजींनी आखलेल्या चुन्याच्या रेषेवर बसली. दहाला दोन मिनिटं असताना मॅडम आल्या, हातात माझा वेळापत्रकाचा फोटो.

दहा वाजले. काही नाही.

दहा सातला तोंडातून चमचाभर पाणी थुंकलं. मुलं ओरडली. पुन्हा गप्प.

दहा चौदालाही काही नाही. दाजी गीझरकडे असं बघत होते जसं परेडला उशिरा आलेल्या जवानाकडे बघतात. मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फोन आला म्हणून चार पावलं बाजूला गेल्या.

मी अमोलला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, काल काकूने पाइप कशाने धुतला होता?"

"पावडरने."

तो एकदम ओरडला. "अहो, साबण! साबणाने पाण्याचा ताण कमी होतो, बुडबुडे लवकर धरतात. परदेशात लोक मुद्दाम साबण टाकून गीझर उडवायचे, आता तिथे बंदी आहे. काल तुमचा साबणावर उडत होता. जसजसा साबण धुवून गेला तसा वेळ वाढत गेला. सात मिनिटं ही गीझरची वेळच नाही!"

"मग त्याची वेळ काय?"

"कोणाला माहीत? कोणी मोजलीच नाही."

दाजींनी हे ऐकलं होतं. हिशोबाला पक्का माणूस. नऊवर मारलेली काट त्यांना आठवली असणार, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी खिशात हात घातला आणि कपड्यांच्या पावडरची पुडी काढली. "तुझ्या अक्काने दिली होती, शेवटी पाइप धुवायला," ते हळूच म्हणाले. "शुभा, बादलीत टाकू? दोन मिनिटांत उडेल. मॅडम आहेत तोवर."

मला खरं सांगायला हवं. मी पुडीकडे हात पुढे केला. खोली वाचत होती, नकाशे, कपाट, सगळं. कोणाला कळणारही नव्हतं. पण समोर ती पातेल्यावाली मुलगी बसली होती, गुडघ्यावर वही, वहीत तिने दहा वाजल्यापासून प्रत्येक मिनिट लिहून ठेवलं होतं: वाफ, वाफ, आवाज, थुंकला, वाफ. तिने गीझरवरची नजर एकदाही काढली नव्हती. मी साबण टाकला असता तर तिच्या वहीत खोटं उतरलं असतं, आणि ते मी घातलेलं असतं.

"नको, दाजी," मी म्हटलं.

मॅडम परत आल्या. "मॅडम, कितना टाइम?"

"पता नहीं, मॅम."

"टाइमटेबल में तो..."

"टाइमटेबल ग़लत था. मुझे पता नहीं."

त्यांनी खांदे उडवले आणि दुसरे स्टॉल बघायला निघून गेल्या. रोबोटिक्सवाल्यांचा स्टॉल कोपऱ्यातच होता, तिथून टाळ्या ऐकू आल्या. मी शंकूशेजारी उकिडवी बसले. गेली ती खोली, असं मी मनाशी म्हणून टाकलं. छोट्या सुट्टीची घंटा झाली. एकही मूल उठलं नाही. सातवीची मुलं डबे घेऊन येऊन मागे उभी राहिली, मग सहावीची. फक्त डब्यांची झाकणं वाजत होती. वीस वर्षांत माझ्या एकाही तासाला इतकी मुलं इतका वेळ गप्प बसलेली नाहीत.

दहा एकतीसला पाणी ओसंडलं आणि धार सुटली. पत्रा नव्हता, छप्पर नव्हतं, ती पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेली आणि तिथून उन्हात विरघळली. अख्खं अंगण एका सुरात ओरडलं. दाजी "फायर!" म्हणायचं विसरले. ते नुसतेच तोंड उघडं ठेवून वर बघत होते.

धार थांबली तेव्हा मॅडम धावत आल्या. खरंच धावत, ओढणी एका खांद्यावर. "क्या हुआ? क्या हुआ?" समोर फक्त वाफ आणि ओले झालेले शंभर चेहरे.

"मॅम, आपसे मिस हो गया," ती मुलगी म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "अब कब होगा?"

"पता नहीं, मॅम."

कोपऱ्यातून कोणीतरी त्यांना रोबोट पुन्हा चालवतोय म्हणून बोलवायला आलं. "वो तो बटन से चलेगा, बाद में देख लूँगी," त्या म्हणाल्या. मग माझ्या खोलीत जाऊन त्यांनी स्वतः एक खुर्ची ओढत बाहेर आणली, अगदी चुन्याच्या रेषेला लावून ठेवली आणि बसल्या. फोन त्यांनी पर्समध्ये टाकला आणि पर्स खुर्चीखाली सरकवली.

"कमरा रहने दीजिए," त्या शंकूवरची नजर न हलवता म्हणाल्या. "लॅब ऊपर बना लेंगे."

मी आभाराचं काहीतरी बोलायला सुरुवात केली.

मॅडमनी हात वर केला. "श्श! मॅडम, चुप. अंदर कुछ आवाज़ आई."